‘आकाश’ आणि ‘आकाश-२’ : स्वस्त टॅब्लेटच्या दोन आवृत्त्यांची तुलना

विद्यार्थ्यांसाठी अत्यल्प किमतीचा टॅब्लेट संगणक तयार करण्याची भारत सरकारची योजना ‘आकाश’ या नावाने देशभर परिचित झाली. ‘आकाश’ची पहिली आवृत्ती ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत सादर झाली. त्यानंतर सुमारे तेरा महिन्यांनी, ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, तिची जागा ‘आकाश-२’ने घेतली. दोन्ही टॅब्लेटचा पडदा सात इंची होता, पुरवठादार कंपनी एकच होती आणि सरकारला पडलेली किंमतही जवळपास सारखीच होती. मात्र वापराच्या दृष्टीने दोन्हींत मोठे अंतर होते. हे अंतर कशामुळे पडले आणि दुसऱ्या आवृत्तीनंतरही कोणते प्रश्न शिल्लक राहिले, याचा हा आढावा.

योजनेची पार्श्वभूमी

माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान २००९ मध्ये सुरू झाले. महाविद्यालयांना इंटरनेटने जोडणे आणि अभ्याससामग्री संगणकावर उपलब्ध करून देणे, हे या अभियानाचे प्रमुख हेतू होते. परंतु ही सामग्री वाचण्यासाठी विद्यार्थ्याच्या हाती साधन नसेल, तर अभियानाचा उपयोग मर्यादित राहणार होता. या विचारातून स्वस्त टॅब्लेटची कल्पना पुढे आली. तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी जुलै २०१० मध्ये त्याचा प्राथमिक नमुना दाखवला. ३५ डॉलरचा संगणक म्हणून जगभरातील वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली.

पहिल्या आवृत्तीच्या खरेदीची व चाचणीची जबाबदारी आयआयटी राजस्थानकडे होती. ही संस्था पुढे आयआयटी जोधपूर या नावाने ओळखली जाऊ लागली. पुरवठ्याचे काम डेटाविंड या कंपनीला मिळाले. विद्यार्थ्यांकडून आलेल्या तक्रारी आणि चाचणीच्या निकषांवरून झालेला वाद यानंतर २०१२ मध्ये प्रकल्प आयआयटी मुंबईकडे सोपवण्यात आला. तेथे प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखालील गटाने हे काम हाती घेतले. ‘आकाश-२’चे अनावरण राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते विज्ञान भवनात झाले. त्या दिवशी मौलाना अबुल कलाम आझाद यांची जयंती, म्हणजेच राष्ट्रीय शिक्षण दिन होता.

तुलना एका दृष्टिक्षेपात

पडदा : दोन्हींत ७ इंच, ८०० × ४८० बिंदू.
स्पर्शाचे तंत्र : ‘आकाश’मध्ये रेझिस्टिव्ह, ‘आकाश-२’मध्ये कपॅसिटिव्ह.
प्रोसेसर : ‘आकाश’ ३६६ मेगाहर्ट्झ, ‘आकाश-२’ १ गिगाहर्ट्झ.
रॅम : ‘आकाश’ २५६ एमबी, ‘आकाश-२’ ५१२ एमबी.
साठवण : ‘आकाश’ २ जीबी, ‘आकाश-२’ ४ जीबी.
कार्यप्रणाली : ‘आकाश’ अँड्रॉइड २.२, ‘आकाश-२’ अँड्रॉइड ४.०.
बॅटरी : ‘आकाश’ २,१०० मिलीअँपिअर-तास, ‘आकाश-२’ ३,००० मिलीअँपिअर-तास.
कॅमेरा : ‘आकाश’मध्ये नाही, ‘आकाश-२’मध्ये पुढील बाजूस साधा व्हीजीए कॅमेरा.
सरकारला पडलेली किंमत : ‘आकाश’ सुमारे २,२७६ रुपये, ‘आकाश-२’ २,२६३ रुपये.

किमतीतील फरक अवघा तेरा रुपयांचा होता. म्हणजेच या तेरा महिन्यांत टॅब्लेट स्वस्त झाला नाही, तर त्याच पैशांत पूर्वीपेक्षा बरेच काही मिळू लागले. सुटे भाग झपाट्याने स्वस्त होत असल्याचा लाभ दुसऱ्या आवृत्तीला मिळाला.

सर्वांत महत्त्वाचा बदल : स्पर्शाचे तंत्र

कागदावर प्रोसेसरचे आकडे अधिक ठळक दिसत असले, तरी वापरणाऱ्याला सर्वप्रथम जाणवणारा फरक पडद्याच्या स्पर्शात होता. रेझिस्टिव्ह पडद्यात विद्युतवाहक थर असलेले दोन पातळ पापुद्रे असतात आणि त्यांच्यामध्ये बारीक पोकळी असते. बोटाने दाब दिला की दोन्ही थर एकमेकांना टेकतात आणि स्पर्शाची जागा समजते. हे तंत्र स्वस्त असून नख, लेखणी किंवा हातमोजा यांनीही ते चालते. मात्र प्रत्येक वेळी दाब द्यावा लागतो, हलका स्पर्श नोंदला जात नाही आणि सर्वसाधारणपणे एका वेळी एकच स्पर्श ओळखला जातो.

कपॅसिटिव्ह पडदा दाबावर अवलंबून नसतो. मानवी शरीर विद्युतवाहक असल्याने बोट टेकताच पडद्यावरील विद्युतभारात सूक्ष्म बदल होतो आणि तोच टिपला जातो. त्यामुळे हलक्या स्पर्शाने पान सरकते आणि दोन बोटांनी मजकूर लहान-मोठा करता येतो.

अभ्यासासाठी हा फरक केवळ सोयीचा नव्हता. पाठ्यपुस्तकाचे संपूर्ण पान ८०० × ४८० बिंदूंच्या पडद्यावर वाचता येईल इतके मोठे दिसत नाही. आकृती, सूत्र किंवा तळटीप पाहण्यासाठी विद्यार्थ्याला पान वारंवार मोठे करावे आणि सरकवावे लागते. पडदा तेवढाच राहिला असला, तरी त्यावरचे वाचन दुसऱ्या आवृत्तीत सुलभ झाले, ते स्पर्शाचे तंत्र बदलल्यामुळेच.

प्रोसेसर आणि स्मृती

पहिल्या ‘आकाश’मधील ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर एआरएम-११ या जुन्या रचनेवर आधारलेला होता. चित्रफीत दाखवण्यासाठी त्यात वेगळी व्यवस्था होती, परंतु इंटरनेटवरील पान उघडणे किंवा एका कामावरून दुसऱ्या कामाकडे जाणे यांत तो मंद पडत असे. ‘आकाश-२’मध्ये कॉर्टेक्स-ए८ रचनेचा १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आला. आकड्यांनुसार वेग सुमारे पावणेतीनपट झाला. नवी रचना प्रत्येक ठोक्यामागे अधिक काम करू शकत असल्याने प्रत्यक्षातील वाढ त्याहूनही जास्त होती.

रॅम दुप्पट झाल्याचाही मोठा उपयोग झाला. रॅम अपुरी असेल तर कार्यप्रणाली मागे ठेवलेली कामे बंद करते. विद्यार्थी व्याख्यान ऐकता ऐकता टिपण उघडतो, तेव्हा व्याख्यान पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची वेळ येऊ शकते. ५१२ एमबी रॅम आजच्या मानाने नगण्य वाटेल. त्या काळातील अँड्रॉइड ४.० साठी मात्र ती कामापुरती होती.

मराठी वाचकाच्या दृष्टीने

कार्यप्रणालीतील बदल भारतीय भाषांच्या वाचकांसाठी विशेष महत्त्वाचा होता. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी मजकूर नीट उमटत नसे. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसणे, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडणे, जोडाक्षरे सुटी होणे हे प्रकार तेव्हाच्या मोबाईलधारकांनाही परिचित होते. अँड्रॉइड ४.० मध्ये देवनागरीचा टंक आणि जोडाक्षरांची मांडणी यांत लक्षणीय सुधारणा झाली.

महाराष्ट्रातील किंवा हिंदी भाषक राज्यांतील विद्यार्थ्याला मातृभाषेतील मजकूर वाचता येणे ही या योजनेची मूलभूत गरज होती. तरीही पहिल्या आवृत्तीसंबंधीची चर्चा प्रामुख्याने किंमत आणि वेग यांभोवतीच फिरत राहिली.

बॅटरी : आकडा वाढला, तास नाही

बॅटरीची क्षमता २,१०० वरून ३,००० मिलीअँपिअर-तास, म्हणजे सुमारे ४३ टक्क्यांनी वाढली. परंतु जाहीर केलेला वापराचा कालावधी दोन्ही आवृत्त्यांत ३ तासांच्या आसपासच राहिला. वेगवान प्रोसेसर अधिक वीज घेतो आणि वाढीव क्षमतेचा मोठा भाग त्यातच खर्च होतो.

महाविद्यालयाचा दिवस सहा-सात तासांचा असतो. प्रत्येक बाकाजवळ विजेचे बटण नसते आणि ग्रामीण भागात भारनियमनाची अडचण असते. हे लक्षात घेता, सकाळी पूर्ण भारित केलेला टॅब्लेट दुपारपर्यंत बंद पडण्याची शक्यता दुसऱ्या आवृत्तीतही कायम होती. क्षमतेचा आकडा वाढला म्हणजे वापराचे तासही तितकेच वाढतात, असे नाही. कोणत्याही दोन टॅब्लेटची तुलना करताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

इंटरनेटच्या बाबतीतही परिस्थिती फारशी बदलली नाही. दोन्ही आवृत्त्या वाय-फायवर अवलंबून होत्या आणि त्या काळात बहुसंख्य महाविद्यालयांच्या वर्गांत वाय-फाय नव्हते. त्यामुळे आधीच उतरवून ठेवलेल्या सामग्रीवर भर देणे क्रमप्राप्त होते.

सामग्री आणि शिक्षक

दोन आवृत्त्यांमधील एक मोठा फरक तुलनेच्या तक्त्यात दिसत नाही. आयआयटी मुंबईने टॅब्लेटकडे शिकवण्याचे साधन म्हणून पाहिले. सी आणि पायथन या भाषांत आज्ञावली लिहिण्याची सोय, गणिती आकडेमोडीसाठी सायलॅब, वर्गात प्रश्नोत्तरे घेण्यासाठी क्लिकर आणि दूरस्थ व्याख्यानांसाठी ए-व्ह्यू ही व्यवस्था यांवर काम झाले. ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमातील ध्वनिचित्र पाठही उपलब्ध होते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी दूरस्थ कार्यशाळा घेण्यात आल्या.

आज्ञावली लिहून ती त्याच टॅब्लेटवर चालवून पाहता येणे ही महत्त्वाची बाब होती. स्वतःचा संगणक नसलेल्या विद्यार्थ्याला त्यामुळे प्रयोगशाळेच्या वेळेबाहेरही सराव करता येणार होता. अशी कामे पहिल्या आवृत्तीच्या मंद प्रोसेसरवर कष्टप्रद ठरली असती.

चाचणी आणि निर्मिती यांवरील वाद

पहिल्या आवृत्तीच्या वेळी टॅब्लेट किती टणक असावा यावरून मतभेद झाले. पावसाचा मारा, उंचीवरून पडणे अशा कसोट्यांचा आग्रह आयआयटी राजस्थानने धरला होता. इतक्या कमी किमतीच्या साधनाला हे निकष लावणे वाजवी नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंत तथ्य होते. विद्यार्थ्याच्या दप्तरातील वस्तू पडते आणि भिजते, हे खरे. पण मजबुतीसाठीही पैसे लागतात, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी वाद निर्मितीच्या ठिकाणावरून झाला. अनावरणानंतर काही दिवसांतच हे टॅब्लेट चीनमध्ये तयार झाल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. पहिल्या सुमारे १०,००० टॅब्लेटचे काम चीनमधील कारखान्यांत झाले असून अंतिम प्रक्रिया भारतात झाली, असा खुलासा कंपनीने केला. २८ नोव्हेंबर २०१२ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात महासचिव बान की-मून यांच्या उपस्थितीत ‘आकाश-२’ सादर झाला. भारतीय तंत्रज्ञानाचे प्रतीक म्हणून होणारा गौरव आणि सुट्या भागांसाठी परदेशावर असलेले अवलंबित्व, हे दोन्ही एकाच महिन्यात समोर आले.

योजनेचा शेवट

‘आकाश-२’ विद्यार्थ्यांना सरकारी अनुदानासह १,१३० रुपयांना देण्याचे जाहीर झाले होते. पहिला टप्पा एक लाख टॅब्लेटचा होता. उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांची संख्या कोट्यवधींच्या घरात असताना हा आकडा चाचणीपुरताच होता. पुढील आवृत्तीची वैशिष्ट्येही २०१३ मध्ये जाहीर झाली, परंतु नियोजित व्यापक वितरण झाले नाही. ३१ मार्च २०१५ रोजी प्रकल्प संपुष्टात आला. तोपर्यंत खुल्या बाजारात कमी किमतीचे स्मार्टफोन मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाले होते. त्यांत दूरध्वनीची सोय आणि मोबाईल इंटरनेटही होते.

दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या असता असे दिसते, की पहिल्या ‘आकाश’ची रचना किमतीचा आकडा आधी ठरवून झाली होती. त्या आकड्यात बसण्यासाठी स्पर्श, वेग आणि स्मृती यांत तडजोड झाली आणि ती नेमकी रोजच्या वापरात आड आली. ‘आकाश-२’ने तितक्याच पैशांत या तीनही उणिवा बऱ्याच अंशी भरून काढल्या. वर्गातील वाय-फाय, दिवसभर पुरणारी वीज आणि वेळेवर होणारा पुरवठा या गोष्टी मात्र टॅब्लेट बदलून सुटणाऱ्या नव्हत्या. शाळा-महाविद्यालयांसाठी टॅब्लेट खरेदी करणाऱ्या संस्थांना आजही हीच यादी तपासावी लागते : विद्यार्थ्याला त्याच्या भाषेतील पान त्यावर स्पष्ट वाचता येते का, ते साधन दिवस संपेपर्यंत चालते का, आणि बिघडल्यास दुरुस्त कोण करणार.