फळझुडपे, परसातील (रत्नागिरी)

रत्नागिरी जिल्ह्यात मागील दारी, विहीर आणि गडगा यांच्यामधल्या जागेत लावली जाणारी कागदी लिंबू, करवंद, पेरू, जाम यांसारखी बुटकी फळझाडे. कलमांच्या बागेला आणि सुपारीच्या आगराला असतो तो मान यांना नाही. त्यांच्याकडे लक्ष जाते ते बहुधा पाने कुरतडलेली दिसल्यावरच. जमीन जांभ्याची, उथळ आणि आम्लधर्मी. जून ते सप्टेंबर या काळात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि दिवाळीनंतर मृगापर्यंत जवळजवळ कोरडे. झुडपांची निगा आणि किडींचा बंदोबस्त दोन्ही या हिशेबानेच चालतात.

निगा. उन्हाळ्यात बुंध्याभोवती आळे करून त्यात पालापाचोळा पसरतात. पावसाच्या तोंडावर तेच आळे मोडून बुंध्याकडून बाहेर उतार द्यावा लागतो. हे राहून गेले तर लिंबाच्या बुडाशी पाणी तुंबते, साल फुटून डिंक गळू लागतो आणि झाड पुढच्या उन्हाळ्यात वाळते. माती थेट सालीला टेकू देऊ नये. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे. उघड्या उकिरड्यात गेंडा भुंग्याच्या अळ्या वाढतात आणि त्याचा भुर्दंड शेजारच्या माडाला बसतो.

करवंदाला फारसे काही लागत नाही. काट्यांमुळे ते कुंपणालाच लावतात. एप्रिल-मेमध्ये फळे उतरली की छाटून घ्यावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना 1972) मोठ्या फळांची ‘कोकण बोल्ड’ ही जात दिली आहे.

लिंबावरील किडी. परसातला सर्वांत नेमाचा पाहुणा म्हणजे लिंबाचे फुलपाखरू, पॅपिलिओ डेमोलिअस. मादी कोवळ्या पानावर एकेक अंडे घालते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळपट-पांढरी दिसते, त्यामुळे पानावर बघूनही नजर पुढे सरकते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. काडीने डिवचले की डोक्यामागून केशरी रंगाची दुटोकी शिंगे बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. कढीपत्ता आणि बेल यांवरही ती वाढते, म्हणून लिंबाबरोबर तीही झाडे तपासावीत. एकदोन झाडांसाठी फवारणीची गरज नाही. नवी पालवी असताना सकाळी फेरी मारून अळ्या वेचणे पुरते. पानांत चंदेरी नागमोडी रेषा दिसल्या तर ती नागअळी. तिची पाने खुडून जाळावीत.

झाडावर पाने शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्यांना कोकणात ओंबील म्हणतात. त्या चावतात म्हणून जाळल्या जातात, पण अळ्या आणि ढेकण्यांचा फडशा त्याच पाडतात. चीनमधील संत्र्यांच्या बागांत या मुंग्यांची घरटी बाजारातून विकत आणून सोडत, असा उल्लेख इ. स. 304 च्या मानल्या जाणाऱ्या एका ग्रंथात आहे. अडचण एवढीच की गोड द्रवासाठी त्या पिठ्या ढेकणालाही सांभाळतात. त्यामुळे पिठ्या दिसला तर मुंग्यांची वाट तोडावी, नसला तर त्यांना राहू द्यावे.

पावसाळ्यात पानांवर आणि फळांवर खरबरीत तपकिरी डाग पडतात तो खैऱ्या रोग. त्यावर चालते सुपारीच्या कोळेरोगासाठी वापरतात तेच बोर्डो मिश्रण. एक टक्क्याचे मिश्रण करायचे तर एका लिटरला मोरचूद 10 ग्रॅम आणि चुना 10 ग्रॅम. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करतात. चकचकीत लोखंडी सळई बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. डागाळलेल्या फांद्या आधी कापाव्यात, मग उघडीप पाहून फवारावे. ओल्या झाडावरची फवारणी वाहून जाते आणि मोरचूद फुकट जाते.

पेरू व जाम. येथे खरा शत्रू फळमाशी. पावसाळी पेरू जवळजवळ हमखास किडतो, हिवाळी बहर बराच वाचतो. दोन्ही बहर धरण्याचा हट्ट न केलेला बरा. विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा मिथाइल युजेनॉलच्या वासाने माशा पकडतो, पण फक्त नर. एका झाडाला एक सापळा टांगून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. पडलेली फळे रोज गोळा करून खोल पुरणे जास्त परिणामकारक, कारण अळी फळातून बाहेर पडून मातीतच कोष करते.

रात्री येणारा रस शोषणारा पतंग पिकत आलेल्या फळाला सुईएवढे भोक पाडतो. त्याच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. गडग्यावरची गुळवेल काढावी असे पुस्तकी सल्ले सांगतात. काढ्यासाठी ती राखणाऱ्या घरात हा सल्ला कोणी मनावर घेत नाही. निदान फळांना कागदी पिशव्या बांधाव्यात. वटवाघळेही त्यांनी काही अंशी टळतात. वानर मात्र पिशवीसकट फळ ओढतात, म्हणून पेरू पाडाला लागताच उतरवून घरात पिकवण्याची रीत आहे.