नियमपुस्तकात नसलेला हात

पुढच्या वेळी बास्केटबॉलची मॅच बघाल तेव्हा आवाज बंद करा आणि चेंडूकडे बघू नका. अवघड आहे, पण पाचच मिनिटं करून बघा. फक्त पंचांचे हात बघा. फाऊल झाला की मूठ वर जाते, तीन गुणांची बास्केट झाली की तीन बोटं. या अधिकृत खुणा. त्या टेबलावरच्या स्कोअररसाठी, खेळाडूंसाठी, प्रेक्षकांसाठी असतात. पण मधेच एक पंच छातीवर हलकेच हात ठेवतो, पलीकडचा मान हलवतो, आणि खेळ चालूच राहतो. हे काय झालं? अमेरिकेतल्या पंचांमध्ये याचा अर्थ साधारण असा: वेळ संपत आलीय, शेवटच्या फेकीचा निर्णय मी देतो, तू तुझं बघ.

अशा खुणा बऱ्याच आहेत. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांवरून घासली की चेंडूला कुणाचा तरी स्पर्श झालाय. या सगळ्या एका पंचाने दुसऱ्यासाठी केलेल्या असतात. बाकीच्यांना त्या कळल्या नाहीत तरी काही बिघडत नाही.

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण याच हातांवर आहे. सिनॉप्सिस मांडला तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "साधनं कुठली?" प्रश्न रास्त होता. जी गोष्ट लिहायचीच नाही असं ठरलंय, तिचा इतिहास कशावरून लिहायचा? तुमच्यापैकी कुणाचा विषय असाच निसटता असेल तर मला सापडलेल्या वाटा सांगतो.

पहिली वाट म्हणजे नियमच वाचायचे, पण त्यात काय राहून गेलंय ते शोधत. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स इथे जेम्स नायस्मिथने हा खेळ काढला. त्याचे मूळ नियम तेरा. त्यातला दहावा आणि अकरावा आपल्या कामाचा. अंपायरने खेळाडूंवर लक्ष ठेवायचं, रेफरीने चेंडूवर. एका संघाचे सलग तीन फाऊल झाले की समोरच्या संघाला गोल मिळायचा, आणि ती मोजणी अंपायरकडे. तीन झाले की त्याने रेफरीला कळवायचं. कसं कळवायचं? ओरडून, हात करून, की जवळ जाऊन? नियम त्याबद्दल गप्प आहे. म्हणजे दोन पंचांनी एकमेकांशी बोलायची गरज खेळाच्या जन्मापासूनच आहे, फक्त तिची रीत त्यांच्यावर सोडलेली होती. मला ही शांतताच फार बोलकी वाटते.

दुसरी वाट बंदीची. अमेरिकेतल्या पंचांच्या मार्गदर्शिका पुन्हा पुन्हा बजावतात की मान्य खुणाच वापरा. सुरुवातीला मी हे वाक्य कंटाळून ओलांडायचो. मग लक्षात आलं, लोक जे करतच नाहीत त्याची ताकीद कुणी देत नाही. गावात 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी दिसली की तिथे कचरा पडतो हे कळतंच ना, तसंच.

एनबीएने १९७८-७९ च्या हंगामात तिसरा पंच आणून बघितला, एका हंगामात बंद केला आणि १९८८-८९ पासून कायमचा आणला. इतिहासकाराने इथे थांबावं. दोघांना एकमेकांकडे बघून भागतं. तिघांत जागा सारख्या बदलतात, कुणी सरकला हे उरलेल्या दोघांना लगेच कळावं लागतं. म्हणून मॅचआधी तिघं बसून आपसात बोलून घेतात. खुणांचे अर्थ त्या बैठकीत पक्के होतात आणि तिचं टिपण सहसा कुणी ठेवत नाही.

आता उलटी परिस्थिती बघा. आंतरराष्ट्रीय सामन्यात पंच वेगवेगळ्या देशांतले. १९७२, म्युनिक ऑलिंपिक, अंतिम सामना, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ. पंच दोन: ब्राझीलचे रेनातो रिगेत्तो आणि बल्गेरियाचे आर्टेनिक अराबाजियान. तीन सेकंद उरले असताना अमेरिका ५०-४९ ने पुढे. टाइम-आउटवरून गोंधळ झाला आणि फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स स्टँडमधून खाली आले. घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर न्या, असं त्यांनी सांगितलं. चालू सामन्यात तसा आदेश द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. ते तीन सेकंद शेवटी तीनदा खेळले गेले.

तिसऱ्या वेळी बाहेरून चेंडू टाकायला इव्हान येदेश्को उभा होता आणि त्याच्यासमोर अमेरिकेचा उंचच उंच टॉम मॅकमिलन हात उंचावून. अराबाजियान यांनी हाताने काहीतरी इशारा केला. मॅकमिलन मागे सरकला. येदेश्कोने अख्ख्या कोर्टभर लांब पास टाकला, अलेक्झांडर बेलोव्हने तो झेलून बास्केट केली. ५१-५०. अमेरिकेचं अपील ३-२ ने फेटाळलं गेलं.

मॅकमिलन म्हणतो, पंचाने मला मागे जायला सांगितलं, ऐकलं नसतं तर टेक्निकल फाऊल मिळेल अशी भीती होती. अराबाजियान यांनी हे नाकारलं. आपल्या हाताचा तसा अर्थ नव्हता असं त्यांचं म्हणणं. त्याला मागे सारावं असा नियमही तेव्हा नव्हता. हा इशारा सहकारी पंचासाठी नव्हता, खेळाडूसमोर होता, हे खरं. तरी मी तो प्रकरणात घेतलाय, कारण आधी न ठरलेल्या खुणेचं काय होतं ते इथे उघड्यावर दिसतं.

तुम्ही म्हणाल, चित्रफीत आहे की! आहे, आणि मी ती थांबवून थांबवून पाहिली. हात हलताना दिसतो, मॅकमिलन मागे जाताना दिसतो. मधला अर्थ फ्रेममध्ये नाही. म्हणून वहीत दोन रकाने केलेत. 'हाताने काय केलं' या रकान्यात एकच ओळ आहे. 'त्याचा अर्थ काय' या रकान्यात दोन, आणि त्यातली कुठलीही खोडायचं धाडस मला अजून झालेलं नाही.