ॲव्हरेज वाढलं, मग गेलं कुठे?

गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती देते? आजचा एपिसोड याच प्रश्नावर. पण त्यासाठी आपण जाऊ अमेरिकेत, कारण तिथल्या सरकारकडे १९७५ पासूनच्या नव्या गाड्यांच्या सरासरी मायलेजचा हिशोब आहे. तिथे तो मैल आणि गॅलनमध्ये मांडतात. मी किलोमीटर आणि लिटरमध्ये करून सांगतो.

१९७३ च्या आधी अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होतं. लांबलचक गाड्या, आठ सिलिंडरची इंजिनं. ॲव्हरेजची फिकीर फारशी कुणाला नव्हती. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये युद्ध पेटलं, अमेरिकेने इस्रायलला मदत केली आणि अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. काही महिन्यांत कच्चं तेल बॅरलला ३ डॉलरवरून १२ च्या आसपास गेलं. पंपांवर रांगाच रांगा! आणि लोक होंडा सिव्हिक, टोयोटा कोरोलासारख्या छोट्या जपानी गाड्यांकडे वळले.

१९७५ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कायद्यावर सही केली. प्रत्येक कंपनीच्या नव्या कारचं सरासरी मायलेज १९८५ पर्यंत लिटरला साधारण ११.७ किलोमीटर झालं पाहिजे, असं ठरलं. हाच तो 'कॅफे' नियम.

परिणाम बघा. कार आणि हलके ट्रक मिळून १९७५ ची सरासरी होती ५.६. १९८७ मध्ये ती ९.४ झाली. बारा वर्षांत मोठी उडी!

आता गंमत ऐका. २००४ मध्ये हाच आकडा ८.२ होता. म्हणजे घसरला! या सतरा वर्षांत इंजिनं काय बिघडली होती? उलट फ्युएल इंजेक्शन, कॉम्प्युटर कंट्रोल, सगळं सुधारत होतं. मग ती सुधारणा गेली कुठे? सरासरी ताकद ११८ हॉर्सपॉवरवरून २११ वर गेली आणि वजन सुमारे १,४६० किलोवरून १,८६५ किलोवर. तिथे गेली.

कारणं दोन. एक, १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि नव्वदच्या दशकात पेट्रोल गॅलनला डॉलर-सव्वा डॉलरला मिळायला लागलं. ॲव्हरेज विचारायची गरजच उरली नाही. दोन, नियमातली पळवाट. ट्रकसाठी मर्यादा सैल होती, आणि एसयूव्ही कागदोपत्री ट्रकमध्ये मोडायची. १९९० मध्ये फोर्ड एक्सप्लोरर आली आणि घराघरांतली फॅमिली कार 'ट्रक' झाली.

२००८ मध्ये पेट्रोल चार डॉलरच्या वर गेलं आणि वारं पुन्हा फिरलं. मंदीही आली. २००९ मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली, पुढच्या वर्षी हमर बंद. नियमही कडक झाले. २०२३ ची सरासरी, इलेक्ट्रिक गाड्या धरून, ११.५ च्या आसपास आहे.

इंजिनिअर म्हणून मला यात दिसतं ते असं: कोड फास्ट झाला की वाचलेल्या वेळात आपण आणखी फीचर्स कोंबतो आणि ॲप होतं तेवढंच स्लो राहतं. इंजिनाचंही तसंच. तंत्रज्ञान फक्त बचत करून देतं; ती पेट्रोलमध्ये दिसणार की वजनात, हे गिऱ्हाईक ठरवतं. आणि गिऱ्हाईकाला ठरवतो पंपावरचा भाव.

आपल्याकडेही 'कॅफे' २०१७ पासून आहे. त्यात कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जास्त असेल तर मर्यादा थोडी सैल होते. आणि आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त कार युटिलिटी प्रकारातल्या आहेत. तेव्हा शोरूममध्ये ॲव्हरेज विचाराल, तेव्हा गाडीचं वजन पण विचारा.

चला, भेटू पुढच्या भागात!