रोमन सुवर्णनाण्यांवरील देवळें व छिद्राची साक्ष

हर्सूल हें गांव आतां छत्रपती संभाजीनगर शहरांत मिसळून गेलें असलें, तरी पैठणच्या बाजूनें येऊन अजिंठ्याकडे जाणारी वाट त्याच्यावरूनच जाते. 'पेरिप्लस' या इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत पैठण हें भडोचच्या दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर सांगितलें असून, भडोचास रोमन सोन्यारुप्याचीं नाणीं वटवितांना नफा होई असेंहि नमूद आहे. या टापूंतील संग्राहकांस रोमन मोहरांची ओढ वाटावी हें साहजिक होय. त्यांतून मागील बाजूस देऊळ असल्यास विशेषच. परंतु तें देऊळ वाचावें कसें?

इ. स. ६४ च्या आगींत रोममधील वेस्टा देवीचें मंदिर सांपडलें. त्यानंतर लवकरच पाडलेल्या नीरोच्या मोहरेवर वाटोळें, सहा खांबांचें मंदिर व आंत बसलेली देवी दिसते. हे खांब मोजून मंदिराचा नकाशा काढूं जाणारा फसेल. ऑगस्टसच्या इ. स. पू. १९-१८ च्या सुमाराच्या नाण्यांवर मार्स अल्टरचें मंदिर वाटोळें असून खांब कोठें चार, कोठें सहा, इ. स. पू. २ मध्यें अर्पण झालेलें त्याच देवाचें मंदिर मात्र चौकोनी, दर्शनीं आठ खांबांचें. पहिलें मंदिर कॅपिटोल टेकडीवरील निराळें, असें कांहीं विद्वान् मानतात. तें खरें धरलें तरी एकाच मंदिराचे खांब नाण्यागणिक बदलावे याचा उलगडा त्यानें होत नाहीं. ठसा खोदणारास देवता दाखवावयाची होती, इमारत नव्हे.

आतां इकडील साक्ष पाहूं. दक्षिणेंत सांपडलेल्या कित्येक रोमन मोहरांस सम्राटाच्या मस्तकावर शेजारीं शेजारीं दोन छिद्रें आहेत. म्हणजे मुखवटा सरळ रहावा अशा बेतानें तीं ओवलीं होतीं. नीरोच्या मोहरांचे दोन ठसे बहुधा परस्परांस उलटे असतात. तेव्हां मुखवटा सरळ राहिला कीं मागील देऊळ खालीं कळस, वर पायरी असें लोंबणार! ओवणारास देवळाशीं कर्तव्य नव्हतें, असेंच आम्हांस वाटतें. तेर येथील मातीच्या पदकांवरहि तिबेरियसच्या नाण्याची नक्कल आहे. पुढें व्हेनिसच्या मोहरांची आपल्याकडे पुतळ्यांची माळ झाली, तींतहि त्या परकी मूर्ति कोणाच्या हें कोण विचारीत होतें?

म्हणून छिद्र हा दोष समजून सोनाराकडून तें बुजवून घेणें आम्हांस अत्यंत घातक वाटतें. दख्खनच्या इतिहासाचा पुरावा तेवढाच. देऊळ रोमचें आहे. शिवाय इ. स. ६४ च्या सुमारास नीरोनें मोहरेचें वजन घटवून पौंडास ४५ असें केलें. भर घातलेल्या नाण्याचें वजन या कामीं निरुपयोगी ठरतें. संग्राहकांनीं सांपडल्याचें ठिकाण, वजन, दोन ठशांचा परस्पर कोन व छिद्राची जागा हीं नाणें स्वच्छ करण्यापूर्वींच टिपून ठेवावींत.