सायक्लोस्पोरियासिस

सायक्लोस्पोरियासिस हा सायक्लोस्पोरा कायेटानेन्सिस या एकपेशीय परजीवीमुळे होणारा लहान आतड्याचा संसर्गजन्य आजार आहे. मानवी विष्ठेने दूषित झालेले अन्न किंवा पाणी पोटात गेल्याने तो होतो. दीर्घकाळ चालणारे पाण्यासारखे जुलाब, भूक मंदावणे, वजन घटणे आणि तीव्र थकवा ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. उष्ण व उपोष्ण कटिबंधातील अनेक देशांत हा आजार स्थानिक स्वरूपात आढळतो. उत्तर अमेरिकेत १९९० च्या दशकापासून कच्ची खाल्ली जाणारी फळे, कोथिंबीर, बेझिल आणि सॅलडच्या पालेभाज्या यांच्यामार्फत त्याच्या मोठ्या साथी पसरल्या आहेत. हा परजीवी धुण्याने पूर्णपणे निघत नाही व पाण्यातील नेहमीच्या क्लोरिनने मरत नाही. त्यामुळे त्याचे नियंत्रण मुख्यतः शेतातील स्वच्छता, सिंचनाचे पाणी आणि अन्नपुरवठ्यावरील देखरेख यांवर अवलंबून असते.

शोध आणि नामकरण

मानवातील या संसर्गाची पहिली नोंद पापुआ न्यू गिनीमधील रुग्णांच्या आधारे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर नेपाळ, पेरू, हैती आदी ठिकाणच्या रुग्णांच्या शौचनमुन्यांत असेच गोलाकार पिंड आढळले, परंतु त्यांचे स्वरूप बराच काळ अनिश्चित होते. काही संशोधकांनी त्यांना नीलहरित शैवालासारखे पिंड मानले, तर काहींनी मोठ्या आकाराचे क्रिप्टोस्पोरिडियम. पेरूमधील संशोधनातून हा सायक्लोस्पोरा प्रजातीतील जीव असल्याचे सिद्ध झाले. १९९४ मध्ये त्याला देण्यात आलेले ‘कायेटानेन्सिस’ हे नाव लिमा येथील कायेटानो हेरेडिया विद्यापीठावरून आले आहे.

परजीवी आणि त्याचे जीवनचक्र

सायक्लोस्पोरा हा एपिकॉम्प्लेक्सा संघातील जीव असून टॉक्सोप्लाझ्मा आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे त्याच संघातील इतर रोगकारक परजीवी आहेत. बाधित व्यक्तीच्या विष्ठेतून त्याची ऊसिस्ट, म्हणजे जाड कवच असलेली गोलाकार पुटी, बाहेर पडते. तिचा व्यास ८ ते १० मायक्रोमीटर असतो.

ताज्या विष्ठेतील ऊसिस्ट संसर्गक्षम नसते. साधारणतः २२ ते ३२ अंश सेल्सिअस तापमानात एक ते दोन आठवडे राहिल्यानंतर तिच्यात बीजाणू तयार होतात आणि त्यानंतरच ती रोग निर्माण करू शकते. अशी परिपक्व ऊसिस्ट गिळली गेली, की तिच्यातील जीव लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींत शिरतात, तेथे वाढतात आणि नव्या ऊसिस्ट विष्ठेवाटे बाहेर पडतात. या प्रजातीचा मानवाखेरीज अन्य आश्रयी प्राणी आढळलेला नाही.

या जीवनचक्रातून दोन महत्त्वाचे निष्कर्ष निघतात. पहिला, हा आजार एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला थेट होण्याची शक्यता फार कमी असते. स्वयंपाक्याच्या अस्वच्छ हातांनी नुकतेच दूषित झालेले अन्न लगेच खाल्ले, तरी त्यातील ऊसिस्ट अपरिपक्व असतात. दूषितीकरण बहुधा त्याआधी, म्हणजे शेतात, सिंचनात किंवा काढणी व हाताळणीच्या वेळी, झालेले असते. दुसरा, भाजीवर सायक्लोस्पोरा सापडणे याचा अर्थ त्या भाजीचा किंवा तिच्या पाण्याचा कोठेतरी मानवी विष्ठेशी संपर्क आला, असाच होतो. त्याचा दोष जनावरांच्या शेणाकडे जात नाही.

लक्षणे, निदान आणि उपचार

संसर्गानंतर लक्षणे दिसू लागेपर्यंतचा काळ सरासरी एक आठवड्याचा असतो. तो दोन दिवसांपासून दोन आठवडे किंवा त्याहून अधिकही असू शकतो. जुलाब, पोटात मुरडा, पोट फुगणे, मळमळ, अन्नावरील वासना जाणे, सौम्य ताप आणि थकवा ही लक्षणे दिसतात. उपचार न केल्यास आजार काही दिवसांपासून महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ टिकतो. मधल्या काळात बरे वाटून लक्षणे पुन्हा उलटणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे. एचआयव्हीबाधित व अन्य प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांत तो अधिक काळ टिकू शकतो. स्थानिक प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशांत अनेक बाधितांना लक्षणे दिसतही नाहीत.

शौचाच्या नेहमीच्या तपासणीत हा परजीवी सहसा दिसून येत नाही. त्यासाठी विशेष रंजनपद्धती, अतिनील प्रकाशाखालील सूक्ष्मदर्शन किंवा पीसीआर चाचणी करावी लागते. अतिनील प्रकाशात ऊसिस्ट स्वतःच निळसर चमकतात. त्या विष्ठेतून सलग बाहेर पडत नसल्याने वेगवेगळ्या दिवशी घेतलेले अनेक नमुने तपासावे लागू शकतात.

ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथोक्साझोल यांचे संयुक्त औषध हा प्रथम पसंतीचा उपचार आहे. त्याची परिणामकारकता नेपाळमध्ये झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दिसून आली. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी तितका प्रभावी पर्याय उपलब्ध नाही. जुलाबांमुळे होणारी शरीरातील पाण्याची घट भरून काढणेही आवश्यक असते.

प्रमुख साथी

प्रारंभीच्या साथी पाण्याशी संबंधित होत्या. १९९४ मध्ये नेपाळमधील पोखरा येथे ब्रिटिश सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांत झालेल्या साथीचा संबंध पिण्याच्या पाण्याशी जोडला गेला. त्या पाण्यावर क्लोरिनप्रक्रिया झालेली होती.

१९९६ च्या वसंत व उन्हाळ्यात अमेरिकेची २० राज्ये, कोलंबिया जिल्हा आणि कॅनडाचे दोन प्रांत मिळून १,४६५ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे निम्मे रुग्ण ५५ समारंभांशी किंवा मेजवान्यांशी निगडित होते. तपासाच्या सुरुवातीला टेक्सासमधील आरोग्य अधिकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील स्ट्रॉबेरीवर संशय व्यक्त केला. विक्री घसरल्याने तेथील उत्पादकांना मोठा तोटा सहन करावा लागला. पुढील तपासात मात्र ५५ पैकी ५० समारंभांत रास्पबेरी निश्चितपणे वाढली गेली होती, असे आढळले. त्या रास्पबेरीचा माग ग्वाटेमालापर्यंत पोहोचला. स्ट्रॉबेरीचा या साथीशी संबंध नव्हता.

१९९७ मध्येही ग्वाटेमालातील रास्पबेरीमुळे साथ पसरली. त्यानंतर १९९८ च्या वसंत हंगामात अमेरिकेने या फळाची आयात रोखली, परंतु कॅनडाने ती चालू ठेवली. त्या वर्षी कॅनडातील ओंटारियो प्रांतात साथ आली, अमेरिकेत आली नाही. फळ आणि आजार यांच्यातील संबंधाचा हा महत्त्वाचा पुरावा मानला जातो. पुढे ग्वाटेमालाने निर्यातक्षम शेतांसाठी पाणी, स्वच्छतागृहे व तपासणी यांची कडक योजना राबवली. मात्र तोवर बाजारपेठ हातची गेली होती. १९९६ मध्ये सुमारे ८५ असलेली रास्पबेरी उत्पादकांची संख्या २००२ पर्यंत तीनवर आली.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या २५ राज्यांत ६३१ रुग्ण आढळले. आयोवा व नेब्रास्कातील रुग्णांचा संबंध मेक्सिकोतून आलेल्या मिश्र सॅलडशी, तर टेक्सासमधील काही रुग्णांचा संबंध मेक्सिकोच्या प्वेब्ला राज्यातील कोथिंबिरीशी जोडला गेला. प्वेब्लातील काही शेतांच्या पाहणीत पिकांमध्येच मानवी विष्ठा व शौचासाठी वापरलेला कागद आढळला. काही ठिकाणी कामगारांसाठी शौचालये किंवा हात धुण्याची सोय नव्हती. परिणामी जुलै २०१५ मध्ये प्वेब्लातील कोथिंबिरीच्या आयातीवर दरवर्षी एप्रिल ते ऑगस्ट या काळासाठी निर्बंध घालण्यात आले.

२०१८ मध्ये मॅकडॉनल्ड्सच्या उपाहारगृहांतील सॅलडशी संबंधित ५११ रुग्णांची प्रयोगशाळेत निश्चिती झाली. त्याच वर्षी अमेरिकेत पिकवलेल्या कोथिंबिरीतही हा परजीवी प्रथमच आढळला. त्यामुळे हा केवळ आयात मालाचा प्रश्न असल्याचा समज मागे पडला. २०२० मध्ये पाकीटबंद सॅलडमुळे अमेरिकेच्या १४ राज्यांत ७०१ जण आजारी पडले. तपासादरम्यान फ्लोरिडातील एका कालव्याच्या पाण्यात सायक्लोस्पोरा सापडला. मात्र साथीचे मूळ तेच होते, असे सिद्ध झाले नाही.

स्रोत शोधण्यातील अडचणी

साल्मोनेलासारखे जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्यांची जनुकीय तुलना करता येते. सायक्लोस्पोरा प्रयोगशाळेत वाढवता येत नसल्याने ही तुलना अवघड ठरते. रुग्णाला लक्षणे दिसून निदान होईपर्यंत काही आठवडे लोटतात, तोवर नाशवंत माल संपलेला असतो. कोथिंबीर, बेझिल यांसारखे घटक पदार्थात अल्प प्रमाणात असतात आणि ते खाल्ल्याचे रुग्णांच्या लक्षातही राहत नाही. अनेक शेतांचा माल एकत्र करून पाकिटे भरली जात असल्याने नेमके शेत ओळखणेही कठीण होते. १९९६ मधील स्ट्रॉबेरीवरील चुकीचा संशय हे या अडचणींचे ठळक उदाहरण आहे.

अन्नसुरक्षा नियमन

अमेरिकेत सायक्लोस्पोरियासिस हा १९९९ पासून राष्ट्रीय पातळीवर नोंद केला जाणारा आजार आहे. रुग्णांवरील देखरेख रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रे आणि राज्यांचे आरोग्य विभाग करतात, तर फळे व भाजीपाल्याचे नियमन अन्न व औषध प्रशासन करते. जानेवारी २०११ मध्ये संमत झालेल्या अन्नसुरक्षा आधुनिकीकरण कायद्याने साथ आल्यानंतरच्या कारवाईपेक्षा प्रतिबंधावर भर दिला. त्याखाली २०१५ मध्ये आलेल्या नियमांनी शेतावरील पाणी, खत, कामगारांचे आरोग्य, शौचालये आणि हात धुण्याच्या सोयी यांसाठी मानके ठरवली. २०२२ मध्ये ताज्या वनस्पती व पालेभाज्यांसह निवडक पदार्थांच्या प्रवासाच्या नोंदी ठेवण्याचा नियम निश्चित झाला. त्याच्या अंमलबजावणीची जानेवारी २०२६ ही मूळ मुदत नंतर पुढे ढकलण्यात आली.

देखरेखीची व्याप्ती कमी होण्याचीही उदाहरणे आहेत. अमेरिकेतील दहा राज्यांत चालणाऱ्या फूडनेट या जाळ्यामार्फत आठ रोगकारकांवर सक्रिय लक्ष ठेवले जात असे. जुलै २०२५ पासून त्यांपैकी साल्मोनेला आणि शिगा विष निर्माण करणारा ई. कोलाय या दोघांचीच पाहणी बंधनकारक राहिली. सायक्लोस्पोरासह अन्य सहा रोगकारकांची पाहणी राज्यांसाठी ऐच्छिक झाली.

भारतात अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ लागू असून महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी राज्याचे अन्न व औषध प्रशासन करते. या अधिनियमाच्या कलम १८ नुसार शेतकरी, शेतीची कामे आणि शेताच्या पातळीवरील पीक त्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे हा कायदा माल शेतातून बाहेर पडल्यावर लागू होतो, तर सायक्लोस्पोराचे दूषितीकरण बहुधा त्याआधीच होऊ शकते. मुंबईत रेल्वेमार्गालगत सांडपाण्यावर पालेभाज्या पिकवल्या गेल्याने सिंचनाच्या पाण्याचा प्रश्न अनेकदा चर्चेत आला आहे. पोह्यांवर किंवा भेळेवर कोथिंबीर कच्चीच भुरभुरण्याची पद्धत पाहता हा प्रश्न खाणाऱ्यांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

घरी पिकवलेला भाजीपाला

साथींच्या काळात परसबागेतील किंवा गच्चीवरील भाजीपाला हा सुरक्षित पर्याय म्हणून सुचवला जातो. त्यामागे ठोस कारण आहे. सायक्लोस्पोरा मानवी विष्ठेतूनच येतो. त्यामुळे घरच्या वाफ्यात सांडपाणी वा मैला पोहोचत नसेल आणि पिण्यायोग्य पाणी वापरले जात असेल, तर संसर्गाचा मार्गच खुंटतो. अनेक शेतांच्या मालाची सरमिसळ होण्याचा धोकाही येथे नसतो.

तथापि घरची भाजी म्हणजे आपोआप परजीवीमुक्त भाजी नव्हे. गळक्या मलवाहिनीजवळची किंवा शौचखड्ड्यालगतची विहीर, पुराचे पाणी आणि न कुजलेले मैलाखत यांमुळे परसबागही दूषित होऊ शकते. मांजरांच्या विष्ठेतून मातीत जाणाऱ्या टॉक्सोप्लाझ्माच्या ऊसिस्ट दमट मातीत वर्षभराहून अधिक काळ टिकू शकतात. गर्भवती स्त्रियांसाठी हा संसर्ग विशेष चिंतेचा असतो. जंताची अंडी मातीत कित्येक वर्षे जिवंत राहू शकतात. शिवाय वर उल्लेखिलेले अमेरिकी नियम स्वतःच्या वापरासाठी पिकवलेल्या मालाला लागू होत नाहीत. घरच्या बागेत पाणी, खत व स्वच्छता यांची जबाबदारी पिकवणाऱ्यावरच असते.

प्रतिबंध

भाजी व फळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने ऊसिस्टचे प्रमाण कमी होते, परंतु त्या पूर्णपणे नाहीशा होत नाहीत. रास्पबेरीसारख्या केसाळ व खाचाखोचांच्या फळांवरून त्या निघणे विशेष कठीण असते. व्हिनेगर किंवा क्लोरिनच्या द्रावणात बुडवणे हा खात्रीचा उपाय नाही. पूर्ण शिजवलेल्या अन्नात व उकळलेल्या पाण्यात हा परजीवी टिकत नाही. म्हणून प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशात पाणी उकळून पिणे आणि पालेभाज्या शिजवून खाणे योग्य ठरते. एक आठवड्याहून अधिक काळ जुलाब टिकल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि अलीकडचा प्रवास व खाल्लेल्या कच्च्या पदार्थांची माहिती डॉक्टरांना द्यावी. सायक्लोस्पोराची चाचणी स्वतंत्रपणे सांगितल्याखेरीज अनेकदा केली जात नाही.

खाणाऱ्याने घेतलेली ही काळजी उपयुक्त असली, तरी ती अपुरी आहे. सॅलड किंवा रास्पबेरी शिजवून खाल्ली जात नाही आणि धुण्याची मर्यादा वर नमूद केली आहे. त्यामुळे शेतमजुरांसाठी शौचालये व हात धुण्याची सोय, सांडपाण्यावरील प्रक्रिया, स्वच्छ सिंचन आणि मालाच्या प्रवासाच्या नोंदी हेच या आजाराच्या प्रतिबंधाचे मुख्य उपाय मानले जातात.