मुंबई ते जेद्दाह : अंतर किती, वेळ किती?

हज-उमराहला निघणाऱ्या घरात हे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. म्हणून सगळा हिशोब एकत्र मांडत आहोत.

अंतर : मुंबई विमानतळापासून जेद्दाहच्या किंग अब्दुलअझीझ विमानतळापर्यंत हवाई अंतर सुमारे ३,५२० किलोमीटर आहे. मदिना विमानतळ सुमारे ३,४७० किलोमीटरवर, म्हणजे जवळपास तितकाच लांब. विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जात असल्याने प्रत्यक्षात थोडे जास्त उडते.

वेळ : थेट विमानाला जाताना साधारण पाच ते साडेपाच तास लागतात. येताना बहुधा थोडा कमी वेळ लागतो, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात हा फरक जास्त जाणवतो. दुबई किंवा दुसरीकडे विमान बदलायचे असेल तर आठ ते बारा तास धरून चाला.

तिकिटावरची वेळ : तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. समजा विमान रात्री ९ ला सुटून ११.४५ ला पोहोचते. वजाबाकी केली तर पावणेतीन तास येतात, पण त्यात अडीच मिळवा : खरा प्रवास सव्वापाच तासांचा. परतीला उलटे करा. पहाटे ३ ला सुटून सकाळी १०.३० ला मुंबईत, म्हणजे साडेसातातून अडीच वजा, पाच तास. शुगर, बीपीच्या गोळ्या आणि इन्सुलिन कधी घ्यायचे हे याच हिशोबाने डॉक्टरांकडून लिहून घ्या. औषधे हातातल्या बॅगेतच ठेवा.

इहराम : थेट मक्केला जाणाऱ्यांची मीकात जेद्दाहच्या आधी, आकाशातच येते. उतरण्याच्या साधारण अर्धा-पाऊण तास अगोदर सहसा विमानात घोषणा होते. पण झोप लागली किंवा इहरामच्या चादरी मोठ्या बॅगेत गेल्या तर मग काय करणार? त्यामुळे चादरी घरी किंवा मुंबई विमानतळावरच बांधाव्यात आणि नियत मीकातच्या आधी करावी. आधी मदिनेला जाणाऱ्यांना इथून इहराम लागत नाही. ते मदिनेहून मक्केला निघताना जुल-हुलैफा येथे बांधतात. बाकी मसले आपल्या आलिमांना विचारून घ्या.

घर ते हरम : विमानतळावर तीन तास आधी, विमानात सव्वापाच तास, इमिग्रेशन आणि सामानाला दोन तास, पुढे मक्केपर्यंतचे सुमारे ९० किलोमीटर बसने दीड तास. झाले बारा तास. रत्नागिरीकडून येणाऱ्यांनी मुंबईपर्यंतचे सात-आठ तास वेगळे धरावेत. म्हणजे आपली अम्मी किंवा अब्बा वीस तास जागे असतात, आणि आपण मात्र फोनवर विचारतो, "पोहोचल्या पोहोचल्या उमराह झाला का?"

पूर्वी मुंबईहून जहाजाने जेद्दाहला पोहोचायला आठवड्याहून जास्त लागत असे. ती जहाजे १९९५ नंतर बंद झाली. आता प्रवास तासांवर आला, तरी वयस्कर शरीर थकायचे ते थकतेच. इहरामात राहूनही विश्रांती घेता येते. आधी जेवण, दोन-चार तास झोप, मग तवाफ. निघण्यापूर्वी घरच्या मोठ्यांना एवढे नक्की समजावून सांगा.