आरा, पट्टा आणि साखळी

आमच्या घराच्या पडवीत खुंटीला एक जुना आरा टांगलेला आहे. माझ्या उंचीहूनही तो लांब आहे. वरच्या टोकाला दोन हातांची आडवी मूठ, खालच्या टोकालाही तशीच. दसऱ्याला आम्ही तो खाली उतरवतो, तेलाचा बोळा फिरवतो आणि पाटावर ठेवून गंधफूल वाहतो. शेजारी माझी साखळीची यांत्रिक करवत असते, कानशी असतात, दोरखंड असतात. गेल्या दसऱ्याला माझ्या नातवाने विचारले, "आजोबा, हा आरा तर आता चालतच नाही. मग त्याची पूजा कशाला?"

प्रश्न वाजवी होता. त्या वेळी मी "पूजा झाल्यावर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. परंतु पन्नासांहून अधिक वर्षे लाकडात काढलेल्या माणसाने असे सुटून जाणे बरे नव्हे. म्हणून हे लिहायला बसलो.

तो आरा माझ्या वडिलांचा, आप्पांचा. आप्पा आणि काका श्रीवर्धनच्या आसपास करवत्याचे काम करीत. गिऱ्हाइकाच्या अंगणाकडेला पुरुषभर खोल खड्डा खणायचा, त्यावर ओंडका आडवा टाकायचा, सुताला गेरू लावून त्यावर सरळ रेघा मारायच्या. मग आप्पा ओंडक्यावर उभे राहत आणि काका खड्ड्यात उतरत. वरच्याने आरा रेघेवर राखायचा, खालच्याने तो जोराने ओढायचा. सगळा भुसा खालच्याच्या डोक्यावर. काकांचे डोळे संध्याकाळी लालबुंद झालेले असत आणि आई त्यांना गार पाण्याची पट्टी देई. जून सागाचा ओंडका असला, तर एका फळीत सकाळ सरायची.

आप्पांची एक सवय होती. उभे झाड पाडायला बोलावले, की ते आधी त्याच झाडाखाली बसून भाकरी खात. खाता खाता बुंध्याकडे पाहत, शेंड्याकडे पाहत, मुळांवरून हात फिरवीत. भाकरी संपेपर्यंत कुऱ्हाडीला हात नाही. आम्हा पोरांना वाटे, म्हातारा भुकेला आहे. त्यातले मर्म मला फार उशिरा कळले, आणि ते कळायला मला एक झाड गमवावे लागले. ती गोष्ट पुढे येईल.

करवत्यांचा धंदा आपल्या किनाऱ्यावर फार जुना. गलबते बांधायची म्हणजे लाकूड हवे, आणि लाकूड हवे म्हणजे कोणाचे तरी झाड पडणार. या प्रश्नाचा विचार आपल्याकडे किती खोलवर झाला होता, हे पाहायचे असेल तर रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र उघडावे. १७१५ च्या सुमारास लिहिलेला हा राजनीतीचा ग्रंथ. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाविषयी जे सांगितले आहे, ते पुष्कळदा थेट शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून सांगितले जाते. अमात्यांनी महाराजांच्या हाताखाली काम केलेले, तेव्हा त्यात महाराजांच्या कारभाराचा वारसा आहे यात शंका नाही.

अमात्यांचे म्हणणे थोडक्यात असे : सागासारखे लाकूड राज्यातल्या अरण्यातून लागेल तेवढेच, परवानगीने तोडावे. आंबा आणि फणस आरमाराच्या उपयोगाचे खरे, पण त्यांना हात लावू नये. ही झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जबरदस्ती मुळीच करू नये.

वाचकहो, यातली पायरी पाहा. झाड जीर्ण आहे का, हे आधी पाहायचे. मग धन्याला विचारायचे. मग मोल द्यायचे. करवत येते ती सर्वांच्या शेवटी.

हा क्रम पुढच्या शंभर वर्षांत उलटा झाला. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधून जगभर नाव मिळवले. १८१७ साली तिथे पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. दोनशे वर्षे झाली, साग अजून साग आहे! त्या कारागिरीपुढे हात जोडावेत. परंतु तेवढ्याच वर्षांत सागाची भूक भयंकर वाढली. १८०६ साली कंपनी सरकारने कॅप्टन वॉटसन यांना मलबारात जंगलाचे अधिकारी नेमले आणि साग सरकारी ठरवला. लोकांच्या स्वतःच्या जमिनीतले झाडही त्यांचे राहिले नाही. शेतकरी आणि लाकडाचे व्यापारी यांची इतकी ओरड झाली, की १८२३ साली ते पदच मोडावे लागले. पुढे १८४७ साली मुंबई इलाख्यात डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन पहिले वनसंरक्षक झाले, आणि १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाल्यावर रुळांखालच्या लाकडांसाठी पुन्हा नवी भूक उघडली.

एवढे सगळे लाकूड माणसाच्या दंडाच्या जोरावर कापले जात होते, हे ध्यानात घ्या. त्या दंडाला मर्यादा होती. ती संपली, तेव्हा पट्टा आला.

पट्टा म्हणजे दोन मोठ्या चाकांवरून अखंड फिरणारी पोलादी करवत. इंग्लंडात विल्यम न्यूबेरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच तिची कल्पना मांडली होती. पण पट्ट्याची दोन टोके जिथे जोडायची, तो सांधा तुटे. फ्रान्समधल्या क्रेपँ नावाच्या बाईंनी १८४६ च्या सुमारास तो सांधा टिकवण्याची युक्ती काढली, तेव्हा कुठे पट्टा खऱ्या अर्थाने चालू लागला.

आमच्या बाजारपेठेत लाकूड कापायची गिरणी निघाली, ती तेलाच्या इंजिनावर. १९६८ साली, चौदाव्या वर्षी, मी तिथे ओंडके ढकलायला लागलो. आप्पा आणि काका ज्या ओंडक्यावर आठवडा घालवीत, त्याच्या फळ्या आमच्या गिरणीत न्याहारीच्या आत पडत. उन्हाळ्याआधी हापूसच्या पेट्यांचे काम जोरात चाले. आंब्याच्याच लाकडाच्या पेट्यांत आंबे भरून मुंबईला जात, याची मला तेव्हा मौज वाटे. खड्ड्याचे काम दोन-तीन वर्षांत आटले. काकांनी आपला खड्डा बुजवून त्यावर केळी लावल्या. ते म्हणाले, "डोळे तरी वाचले." त्यांच्या बोलण्यात दुःख होते की सुटका, ते मला अजून सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. पट्टा लाकूड चिरीत असे, उभे झाड पाडीत नसे. ते काम अजून कुऱ्हाडीचे आणि हातकरवतीचेच होते. १९६४ साली महाराष्ट्रात झाडतोडीवर नियमनाचा कायदा झाला आणि खाजगी जमिनीतलीही काही झाडे परवानगीशिवाय तोडायची नाहीत असे ठरले. त्या यादीत आंबा आहे आणि फणसही आहे. अमात्यांच्या आंबा-फणसाला अडीचशे वर्षांनी पुन्हा सरकारी आसरा मिळाला.

आता तिसरी करवत, साखळीची. तिचा जन्म जंगलात झाला नाही, वैद्यांच्या घरी झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडातले दोन डॉक्टर, जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री, यांनी हाड कापण्यासाठी दातांची बारीक साखळी वापरली. झाडांसाठी १९२६ साली जर्मनीत आंद्रेआस श्टिल यांनी विजेवर चालणारी साखळी-करवत केली, आणि १९२९ साली पेट्रोलवरची. ती उचलायला दोन गडी लागत. पुढे यंत्र हलके झाले, पण साखळीचे दात लवकर बोथट होत. तेव्हा अमेरिकेत ऑरेगनमध्ये जो कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्याने एका सडक्या लाकडात भुंग्याची अळी पाहिली. ती जबड्याने डावीकडे-उजवीकडे करीत ओले-सुके लाकूड सारख्याच सहजतेने पोखरीत होती. त्याने तशाच आकाराचे दात घडवले आणि पुढच्याच वर्षी विकायला काढले. आज माझ्या हातात जी साखळी आहे, तिचे दात त्याच घराण्यातले. किड्याने शिकवले आणि माणसाने शिकून घेतले.

१९८८ साली मी ही करवत घेतली. पहिल्या दिवशी मला वाटले, माझ्या हाताला दहा माणसांचे बळ आले. आणि तिथेच माझी चूक झाली.

१९९२ साली एका वाडीत जुना आंबा होता. बुंध्याला एका बाजूने आळंबी उगवलेली. मी बाहेरूनच एक नजर टाकली आणि सांगून टाकले, "आतून पोकळ आहे, वाऱ्यात घरावर येईल." घरधन्याने माझ्यावर विश्वास टाकला, परवानगीही मिळाली. पडायच्या बाजूला मी खाच घेतली, मागून करवत घातली, मध्ये बिजागरीसारखी लाकडाची पट्टी राखली. सगळे अगदी नियमाने. वीस मिनिटांत झाड आखल्या जागी आडवे झाले. आणि बुंधा पाहतो तो काय! आळंबीमागे वीतभर लाकूड कुजलेले. बाकी सारा गाभा ठणठणीत. ते झाड माझ्यामागेही उभे राहिले असते.

आप्पा तेव्हा सत्तरीचे होते, काठी टेकत पाहायला आलेले. त्यांनी ओल्या बुंध्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "भाकरी खाल्ली होतीस का रे?"

एवढेच बोलले. त्या घरधन्याला मी खरे सांगितले आणि मजुरी घेतली नाही. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, हे अधिक जड गेले.

त्यानंतर मी झाड पाडण्याइतकेच ते राखण्याचे काम शिकायला लागलो. एका बागाईतदाराच्या मुलाने मला अमेरिकेतल्या ॲलेक्स शिगो यांच्याविषयी सांगितले. हे शास्त्रज्ञ १९५९ साली तिथल्या वनखात्यात लागले. तोवर झाडाचा रोग पाहायचा म्हणजे बहुधा ओंडके आडवे कापून पाहत. शिगोंनी हलकी साखळी-करवत घेतली आणि झाडे उभी चिरून पाहिली. हजारो झाडे. त्यांना दिसले, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालते, त्याला तिथेच कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. म्हणून फांदी काढताना ती बुंध्याशी सपाट छाटू नये. फांदीच्या मुळाशी जो फुगीर गळपट्टा असतो, तो राखून कापावे. नाहीतर झाडाची भिंतच आपण फोडतो. जखमेवर डांबर फासले की झाड बरे होते, हा समजही त्यांनी खोडून काढला.

हे ऐकले तेव्हा त्या आंब्याची आळंबी माझ्या डोळ्यांपुढे आली. झाडाने भिंत घातली होती. ती मला वाचता आली नाही. आणि गंमत अशी, की ज्या यंत्राने मी ते झाड पाडले, त्याच यंत्राने दुसऱ्या एका माणसाने झाडाचे हे गुपित उघडले होते.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, रस्ते झाडांनी बंद झाले, वीज कित्येक दिवस नव्हती. त्या दिवसांत साखळी-करवत नसती, तर आजाऱ्याला दवाखान्यात नेणेही शक्य नव्हते. मी आणि माझा मुलगा दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत कापत होतो. वाकून ताणलेल्या खोडावर चुकीच्या बाजूने करवत लावली, तर ते उसळून माणसाला मारते. म्हणून त्या घाईतही एकेका खोडापाशी थांबावे लागे.

एका घरामागे फणस होता. त्याची एक थोरली फांदी वादळाने सोलून काढून कौलांवर टाकलेली. शेजारी म्हणाले, "आता उरलेलाही पाडून टाका, पुढच्या वादळाची वाट कशाला पाहायची?" घरच्या काकू दाराशी उभ्या होत्या. तो फणस त्यांच्या सासऱ्यांनी लावलेला. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, पाडायचाच असेल तर आधी सांगा. मी आत जाऊन बसते."

मी करवत बंद केली. मुलाला म्हटले, डबा आण. आम्ही फणसाखाली बसून भाकरी खाल्ली. मुळांभोवतीची माती फाटली आहे का पाहिले, नव्हती. बुंध्यावर लाकडी मोगरीने ठोकून आवाज ऐकला. एका बाजूला पोकळ, तीन बाजूंना भरीव. मग काकूंना म्हणालो, "आत बसायची गरज नाही." फाटलेली फांदी गळपट्टा राखून काढली, घराकडचा भार उतरवला. त्याला वीस मिनिटे नव्हे, दीड दिवस लागला.

तो फणस अजून उभा आहे. पुढच्या वादळाला तो टिकेलच, असे मी काकूंना सांगितलेले नाही. तसे कोणालाही सांगता येत नाही. दरवर्षी मृगाच्या आधी मी जाऊन बुंध्यावर मोगरी मारून येतो. यंदा नातू बरोबर होता. त्याच्या हातात डबा होता. फणसाखाली बसल्यावर त्याने करवतीकडे पाहिले आणि मग वर शेंड्याकडे पाहू लागला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला तिथेच दिले : आरा चालत होता तेव्हा झाडाला दिवसभराची सवड मिळे. आता ती आपण द्यायची.